काळ्या मातीत क्लच का जळतो

मा. संपादक,
स. न.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बुक केलेल्या गाड्या आता दारात उभ्या राहू लागल्या आहेत. त्यांत चारही चाकांना ओढ असलेल्या गाड्याही आहेत. घेण्याआधी प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, गिअरवाली घेऊ की ऑटोमॅटिक? उत्तरही ठरलेलं मिळतं: ‘चिखलात न् डोंगरात जायचंय ना, मग गिअरवालीच घे.’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी दर पावसाळ्यात नव्या गाड्यांचे क्लच जळतात, म्हणून हे पत्र.

आधी क्लच का जळतो ते पाहू. दोन चाकांची ओढ असलेली गाडी रुतली की चाक जागच्या जागी गरगर फिरतं. चालक वैतागतो, पण क्लचच्या दृष्टीनं ते फिरणारं चाक म्हणजे फ्यूज असतो. जास्तीचा जोर तिथून निघून जातो. चारही चाकांना ओढ दिली की चाकं पकड घेतात आणि सहजी फिरत नाहीत. मग इंजिनापासून चाकापर्यंत जो सगळ्यांत कमजोर दुवा असेल तो घसरतो, आणि तो दुवा म्हणजे क्लच प्लेट. गाडी हलत नाही म्हणून चालक अर्ध्या क्लचवर रेस देतो. एखाद-दोन मिनिटांत करपल्याचा उग्र वास येतो. वास आल्यावरही रेस चालू राहिली तर काम झालंच म्हणून समजा. अशी प्लेट उतरवून हातात घेतली की तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळा लागतो, रिव्हेटची डोकी वर आलेली असतात, प्रेशर प्लेटवर निळे डाग पडलेले असतात आणि हाउसिंगमधून मूठभर काळी भुकटी निघते. बऱ्याच डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हिसके शोषणारं दोन भागांचं जड चाक) असतं. त्यालाही हीच आच लागते, आणि ते बदलायची वेळ आली तर क्लच सेटचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो. शिवाय फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत, गिअरबॉक्स उतरवण्याआधी प्रोपेलर शाफ्ट आणि ट्रान्सफर केसही (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) सोडवावी लागते, म्हणजे मजुरी वाढलीच.

यावर मॅन्युअलमधला, म्हणजे गिअरवालीतला, इलाज एकच: फोर-लो, म्हणजे चारही चाकांच्या ओढीचा कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा. जिम्नीत फोर-लो टाकलं की चाकांचा जोर दुप्पट होतो, थारमध्ये साधारण अडीच पट. वेग त्याच प्रमाणात घटतो, आणि खरा फायदा त्यातच आहे: गाडी गोगलगाईच्या चालीनं निघाली तरी क्लच पूर्ण सोडता येतो. पण फोर-लो टाकायचं ते चिखलात शिरण्याआधी, गाडी उभी करून. रुतल्यावर लिव्हर ओढत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. दुसऱ्या गिअरला निघा, क्लच पूर्ण सोडा आणि डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. मध्येच गिअर बदलू नका. ओल्या काळ्या मातीत गिअर बदलतानाचा तो अर्धा सेकंद पुरतो. ओढ तुटते, चाक थांबतं, टायरच्या नक्षीत गारा घट्ट बसतो आणि टायर टकलासारखा गुळगुळीत होतो. पुन्हा निघायचं तर पुन्हा अर्धा क्लच. त्या क्षणी गाडीचा ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू लागलं की त्याला आपोआप आवरणारी यंत्रणा) इंजिनाचा जोर कापत असेल तर त्याचं बटण बंद करा.

ऑटोमॅटिकची बाजू इथेच सुरू होते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये प्लेट नसते, ऑइल असतं. समोरासमोर दोन पंखे. एक फिरला की ऑइलच्या झोतानं दुसरा फिरतो. गाडी उभ्यानं उचलताना हा कन्व्हर्टर इंजिनाचा जोर जवळजवळ दुप्पट करून देतो, आणि तेव्हा त्यात घासायला काही नसल्यानं झिजत काही नाही. ओढ एका दमात मिळते, गिअर बदलतानाही जवळजवळ तुटत नाही. कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेलला मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिला आहे, ऑटोमॅटिकमध्ये ५००. स्कॉर्पिओ-एनच्या जास्त ताकदीच्या डिझेलला मॅन्युअलमध्ये ३७०, ऑटोमॅटिकमध्ये ४००. इंजिन तेच, आणि तरी मॅन्युअलला जोर कमी. मायलेजची भीतीही आता जुनी झाली. जिम्नीचा कंपनीचा आकडा मॅन्युअलला लिटरमागे १६.९४ किलोमीटर, ऑटोमॅटिकला १६.३९.

मात्र क्लचचं पेडल नाही म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर आहे असं धरू नका. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी हे बिनपेडलचेच इतर प्रकार. एएमटीत साधा क्लचच असतो, तो पायाऐवजी मोटर दाबते. चिखलात तोही तसाच करपतो. सीव्हीटीत पट्टा असतो, डीसीटीत दोन क्लच. शोरूममध्ये ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, आत काय आहे ते नाव घेऊन विचारा.

ऑटोमॅटिकचा शत्रू म्हणजे उष्णता. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि कन्व्हर्टरमध्ये वाया गेलेला सगळा जोर ऑइल तापवण्यात जातो. ऑइल एका मर्यादेपलीकडे गेलं की दर दहा अंशांमागे त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ते कशानं तापतं? चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरनं गाडी तोलून धरल्यानं. रुतल्यावर गाडी पुरती न थांबवता डी-आर, डी-आर (पुढे-मागे) असे हिसके दिल्यानं. यात गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच पट्ट्याही जळतात. आणि जिथे फोर-लो टाकायला हवं तिथे आळसापायी फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या ओढीच्या नेहमीच्या वेगाच्या टप्प्यात) रेटल्यानं. तापमानाचा इशारा दिसला तर गाडी सपाटीवर घ्या, पी (पार्किंग) मध्ये टाका आणि इंजिन चालूच ठेवा. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलंत तर ऑइल कूलरपर्यंत पोचणारच नाही. हे ऑइल ‘आयुष्यभर बदलायचं नाही’ असं कुणी सांगितलं तरी इथल्या वापराला ते लागू पडत नाही. घाट, ओझं आणि ऊन असेल तर ६० हजार किलोमीटरच्या आसपास बदलाच. ताजं ऑइल लाल असतं. तपकिरी झालं आणि जळका वास आला तर ६० हजारांचीही वाट पाहू नका. आणि दिसायला लाल म्हणून कोणतंही लाल ऑइल भरू देऊ नका. पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचंच हवं.

उताराला मात्र मॅन्युअल सरस, यात वाद नाही. चांदसैली घाट, मोलगीकडचा देवगोई घाट, तोरणमाळची सातपायरी, चाळीसगावचा कन्नड घाट, सगळीकडे नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मॅन्युअलमध्ये तो गिअर तुम्ही टाकलात की टाकलात. ऑटोमॅटिक डी मध्ये सोडली तर ती उतारावर वरचा गिअर घेते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. त्यावर उपाय गाडीतच दिलेला आहे. मॅन्युअल मोड असेल तर दुसरा गिअर धरा, जिम्नीसारख्या चार गिअरच्या गाडीत लिव्हर २ किंवा एल वर घ्या. सैल दगडांचा उतार असेल तर फोर-लो. पण ऑटोमॅटिक घेतलेले अनेक जण त्या लिव्हरला डी च्या पुढे कधी हातच लावत नाहीत, आणि ते शिकवायलाही कुणी बसत नाही.

चढावर गाडी बंद पडली तर मॅन्युअलवाल्यानं क्लच दाबून मागे घरंगळू देऊ नये. ब्रेक आणि हँडब्रेक घट्ट धरा, फोर-लोमध्येच रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा, क्लच सुटत येईल तसा ब्रेक हलका करा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून इंजिनाच्या जोरावर खाली या. ऑटोमॅटिकवाल्याचं इंजिन अशा जागी सहसा बंद पडत नाही. नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

नाल्याचं पाणी हा आपल्याकडचा वेगळा धोका. थारची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली आहे, गुरखाची ७००. तीही संथ पाण्यातली. वाहत्या पाण्यात गुडघाभर ओढसुद्धा गाडी आडवी नेते. मॅन्युअलनं पाण्यात क्लच दाबू नये, गढूळ पाणी प्लेटमध्ये शिरतं. पाणी ओलांडल्यावर दोन्ही प्रकारच्या गाड्यांत डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअर-गोळ्याचं) ऑइल तपासा. तापलेली ॲक्सल पाण्यात एकदम निवली की ब्रीदरमधून (हवेच्या बारीक नळीतून) पाणी आत ओढलं जातं, आणि ऑइल ताकासारखं पांढुरकं निघतं. ऑटोमॅटिकच्या बॉक्समधलं ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी सुरूच करू नका.

चारही चाकांना आपोआप ओढ देणाऱ्या ज्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत फोर-लो नाही, तिचा हिशेब निराळा. २०१४ मध्ये आलेल्या ऑल व्हील डस्टरला म्हणूनच पहिला गिअर मुद्दाम जास्त जोराचा दिला होता. ग्रँड विटारा आणि हायरायडर ऑल व्हीलमध्ये आधी फक्त मॅन्युअल होत्या, एक्सयूव्ही ७०० ची ऑल व्हील ऑटोमॅटिकच आली. ओला घाट आणि सैल मुरूम यांसाठी या गाड्या उत्तम. नांगरटीत घालायच्या नव्हेत. मागच्या चाकांना ओढ देणारी कपलिंग तापली की ती स्वतःहून सुटते आणि गाडी पुन्हा दोन चाकांची होते. अशा गाडीचे चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा.

आमचं मत विचाराल तर रावेर-यावल-चोपड्याच्या केळीच्या शिवारात, जिथे काळी माती आहे आणि घरातले तीन-चार जण एकच गाडी चालवतात, तिथे फोर-लो असलेली टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक घ्या. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, ओझं घेऊन आणि गॅरेजपासून लांब, फोर-लो असलेली मॅन्युअल. क्लच तालुक्याच्या गावी बसतो, ऑटोमॅटिक बॉक्स उघडणारा हात तिथे सहसा मिळत नाही. बॅटरी उतरली तर मॅन्युअल ढकलूनही सुरू होऊ शकते. शेताकडे वर्षातून चार वेळा जाणाऱ्या धुळे-जळगावच्या माणसानं गिअरबॉक्सवर वरचे लाखभर रुपये घालण्याआधी चांगले टायर घ्यावेत, आणि चिखलात हवा २० पीएसआयपर्यंत उतरवायला शिकावं. डांबरीवर येताच ती पुन्हा भरायची.

आणखी एक, कारण यात दरवर्षी नुकसान होतं. ऑटोमॅटिक किंवा ऑल व्हील गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असताना पंप चालत नाही, बॉक्स कोरडा फिरतो. चारही चाकं उचलणारी सपाट गाडीच बोलवा. मॅन्युअल फोर बाय फोर असेल आणि ट्रान्सफर लिव्हरला एन (न्यूट्रल) असेल तर तो टाकून, हळू, ओढता येते. आणि कोरड्या डांबरीवर फोर-हाय लावून फिरू नका; वळणावर चाकं उड्या मारू लागली तर तो ट्रान्सफर केसवरचा ताण असतो, लगेच टू-हायला (दोन चाकांच्या ओढीला) या.

चारचाकी दुरुस्तीच्या कामातले दोघे,
शहादा, जि. नंदुरबार