उरलेले १५ टक्के कोण जोडणार? : सायकल कंपनीच्या व्यवस्थापनाला तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
तसेच तक्रार निवारण अधिकारी

विषय : तुमच्या २१ गिअरच्या 'बिगिनर' सायकलचे पैसे परत मिळण्याबाबत आणि काल हेल्पलाइनवर मला जे ऐकवलं गेलं त्याबाबत.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या माणसाने मी बोलत असतानाच फोन ठेवला, म्हणून हे पत्र. ऑर्डर नंबर, बिल, फोटो आणि पेटी उघडतानाचा व्हिडिओ तुमच्या ॲपवर चढवलेला आहे. ते पुन्हा मागू नका. सायकल कुठली तेही सांगत बसत नाही. 'पहिली सायकल, फक्त ८,४९९ रुपये' ही जाहिरात तुमचीच आहे.

पेटीवर छापलंय, '८५ टक्के जोडलेली'. उरलेले १५ टक्के म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हँडल, पुढचं चाक, पुढचा ब्रेक, सीट आणि दोन्ही पायडल. म्हणजे हाताने धरायचं ते, पाय ठेवायचा ते आणि समोर काही आडवं आलं तर ज्याच्या भरवशावर थांबायचं ते. नेमकं तेवढंच तुम्ही गिऱ्हाइकावर सोडलंत, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा सायकल घेणाऱ्या गिऱ्हाइकावर. ज्याला नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे माहीत असण्याचं कारण नाही, त्याच्या हातात एक ॲलन की आणि दोन पानांचं पत्रक दिलं की तुमचं काम संपलं?

जाहिरातीत 'घरपोच मोफत जोडणी' होती. पैसे भरून झाल्यावर मेसेज आला की ही सेवा माझ्या पिनकोडवर उपलब्ध नाही. वॉरंटीच्या अटींत मात्र लिहिलंय, अधिकृत तंत्रज्ञाकडून जोडून घेतली नाही तर वॉरंटी रद्द. सोलापुरात तुमचा अधिकृत तंत्रज्ञ नाही. सर्वांत जवळचा पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर. मग सोलापूरच्या माणसाची वॉरंटी कुठल्या वाटेने शाबूत राहते, ते मला एका वाक्यात लिहून कळवा. हाच प्रश्न मी फोनवर विचारला, ईमेलवर विचारला, चॅटवर विचारला. सगळीकडून 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढंच आलं.

पेटी मी आमच्या भागातल्या सायकल मिस्त्रींच्या दुकानात नेऊन, व्हिडिओ चालू ठेवून उघडली. त्यांनी अजून पाना हातात घेतला नव्हता, नुसतं बघूनच म्हणाले, "ताई, हा चिमटा उलटा हाय." चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्या. सायकल पेटीत मावावी म्हणून तो मागे फिरवून ठेवलेला होता. जोडण्याआधी तो पुढे फिरवून घ्यायचा असतो, हे तुमच्या पत्रकात कुठेही नाही. उलट पत्रकातल्या तिसऱ्या चित्रात चिमटा तसाच उलटा दाखवून त्यावर हँडल बसवलेलं आहे! मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं की तसं बसवलं तर पुढचं चाक पायाजवळ येतं, वळताना बूट चाकाला लागतो आणि माणूस पडतो. डिस्क ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती आवळणारा भाग, चिमट्याच्या डाव्या दांडीच्या मागे असायला हवं, ते उजवीकडे पुढे येतं. नवख्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला सायकल उभी राहिलेली दिसते, आणि तो ती रस्त्यावर घेऊन जातो.

रस्ता कुठला तेही सांगते. मी जुळे सोलापुरात राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करते. हंगामात आमच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर चालतात. त्यांच्या शेजारून उलट्या चिमट्याची सायकल घेऊन जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा आणि मग ते पत्रक पुन्हा एकदा वाचा.

पुढचं पायडलचं. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. सायकलवाल्यांना हे पाठ असतं, नवीन माणसाला नसतं आणि तुमच्या पत्रकाने ते सांगितलेलं नाही. माझ्या सायकलच्या डाव्या क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतं तिचे, आटे मात्र पेटीतून निघाले तेव्हाच खराब होते, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. मागची रिंग आऊट, म्हणजे फिरताना डुलणारी, तिच्या दोन तारा ढिल्या, आणि पेटीत मागचा रिफ्लेक्टर नाही. सायकलला रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत हा सरकारी नियम आहे, तो तुमच्यासाठीच केलेला आहे.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं तुमचंच यंत्र सांगतं, तेव्हा काढून ऐका.

मी ऑर्डर नंबर दिला, डाव्या क्रँकचे आटे गेलेत म्हणाले. पलीकडून पहिला प्रश्न आला, "मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का?" मला वाटलं पेटी न्यायला माणूस पाठवताहेत, उचलायला कोणी आहे का म्हणून विचारत असतील. मी म्हटलं, कशासाठी? "नाही, टेक्निकल आहे ना. त्यांना फोन द्या, मी समजावतो." मी म्हटलं, सायकल माझी आहे, माझ्या पगारातून घेतली आहे, मला समजवा. थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, तुम्हाला सायकल चालवता येते का?" मी सांगितलं, येते, शाळेत असताना भावाची चालवायचे, स्वतःची ही पहिली. त्यावर तो म्हणाला, "मग तुम्हीच पायडल जबरदस्तीने फिरवलं असेल." मी व्हिडिओची आठवण करून दिली. व्हिडिओ त्याने पाहिलेला नव्हता. पाहणारही नव्हता, कारण पुढचं वाक्य त्याच्याकडे तयार होतं : "मॅडम, एवढ्या किमतीत एवढंच येतं. चांगली पाहिजे तर वरचं मॉडेल घ्या, मी लिंक पाठवतो." मी म्हटलं, मला लिंक नको, तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय. फोन कट. बावीस हजारांच्या सायकलची लिंक मात्र लगेच आली. पिकअपचा मेसेज अजून आलेला नाही.

'एवढ्या किमतीत एवढंच.' हे वाक्य मला रात्रभर टोचत होतं. साडेआठ हजार तुम्हाला कमी असतील, माझ्या घरात ती रक्कम साठवावी लागते. आणि मी कमी किमतीत जास्त काही मागितलं नव्हतं. डिस्क ब्रेक नसता तरी चाललं असतं, धक्के झेलणारं सस्पेन्शनही नको होतं. सोलापूरचे रस्ते सपाट आहेत; स्वस्त सायकलला सस्पेन्शन लावलं की नुसतं वजन वाढतं, हे तुमच्या इंजिनिअरांना ठाऊक आहे. ते काढून त्या पैशात चाकं नीट करा, आटे नीट पाडा. स्वस्त वस्तू साधी असावी, धोकादायक नसावी. माझे वडील इथल्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये कामाला होते, एक साधी काळी सायकल त्यांनी वर्षानुवर्षे चालवली. तीही त्या काळातली स्वस्तच होती.

साइजबद्दलही आत्ताच लिहिते, कारण ती तक्रार तुम्ही 'बंद' करून टाकली आहे. तुमच्या ऑनलाइन पानावर साइज म्हणून '२६ इंच' लिहिलंय आणि '५ ते ६ फूट उंचीच्या सर्वांसाठी'. २६ इंच हे चाकाचं माप आहे. माणसाला सायकल बसते की नाही हे फ्रेमच्या मापावर ठरतं, आणि ते पानावर कुठेच नाही. मिस्त्रींनी टेप लावून पाहिलं, फ्रेम १८ इंची निघाली. माझी उंची पाच फूट एक इंच. मला १५-१६ इंचांच्या आसपास हवी. या सायकलवर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिलं की वरची नळी अंगाला लागते. तिथे इंच-दोन इंच मोकळी जागा असायला हवी. अचानक ब्रेक मारून खाली उतरावं लागलं तर काय होईल, याचा विचार तुमच्याकडे कोणी करतं का? पाच फुटांची बाई आणि सहा फुटांचा माणूस एकाच फ्रेमवर कसे बसतात? हे लिहिणाऱ्याला सायकल माहीत नाही असं मी मानत नाही. माहीत असूनही लिहिलंय, याचंच वाईट वाटतं.

त्याच मिस्त्रींनी मग मला दुकानातल्या तीन वेगवेगळ्या सायकलींवर उभं करून पाहिलं. पायडल खाली असताना टाच त्यावर टेकून गुडघा सरळ होईल इतकी सीट ठेवली, गल्लीत एक फेरी मारायला लावली, ब्रेक दाबून दाखवले. नवीन सायकलच्या केबल पहिल्या काही आठवड्यांत ताणून ढिल्या पडतात, तेव्हा महिन्याने घेऊन या, आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत, असंही सांगितलं. बजेट कमी असेल तर चांगल्या स्थितीतली जुनी स्टीलची सायकल नीट करून देतो म्हणाले. पहिल्यांदा सायकल घेणाऱ्याला हेच लागतं, आणि ते दुकानात मिळतं. कारखान्यात कोणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते : पहिली सायकल घ्यायची तर दुकानात जा, उभं राहून बघा, फेरी मारा आणि जिथे घेतली तिथेच सर्व्हिस होईल अशाच ठिकाणी घ्या. तुमच्या पानावरही हे लिहा. तुम्ही लिहिणार नसाल तर निदान 'बिगिनर' हा शब्द काढून टाका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकल घेऊ का नको म्हणणारी माझ्यासारखी अनेक माणसं आता घेतील. त्यांच्या घरी ही पेटी आणि हे पत्रक पोहोचू नये, म्हणून मी इतकं सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मागण्या अशा. सायकल माझ्या दारातून तुमच्या खर्चाने न्या. ८,४९९ रुपये जसे भरले तसे परत करा. कूपन किंवा वॉलेट नको. मिस्त्रींनी तपासणीचे घेतलेले २०० रुपयेही द्या, पावती जोडली आहे. पत्रकातलं ते चित्र बदला, त्यात चिमटा आणि डाव्या पायडलबद्दल मराठीत ठळक सूचना छापा. पानावर फ्रेमचं माप लिहा. आणि जिथे तंत्रज्ञ नाही त्या पिनकोडला 'मोफत जोडणी' दाखवणं बंद करा.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. पोच आली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. महिन्यात निकाल लागला नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. तुमचा पत्ता कुठल्याही शहरातला असो, उत्तर तुम्हाला सोलापूरच्या आयोगासमोरच द्यावं लागेल. त्या दिवशी कालचं रेकॉर्डिंग हजर करा, मी ते आयोगासमोर वाजवायची विनंती करणार आहे.

या पत्राला उत्तर माझ्या नावाने पाठवा. घरातल्या कुणा जेंट्सच्या नावाने आलं तर स्वीकारणार नाही.

आपली ग्राहक,
जुळे सोलापूर

सोबत : बिल, मिस्त्रींची पावती, पत्रकातल्या तिसऱ्या चित्राचा फोटो