गाण्याचे व्ह्यूज मोजता, ते रेकॉर्ड करणारं पोरगं शिकतं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

अहिराणी गाण्याला किती व्ह्यूज आले, कोणत्या गाण्यावर लग्नात पोरं नाचली, हे पेपरात वरचेवर येतं अन् वाचून बरंही वाटतं, पण ते गाणं रेकॉर्ड कोण करतं आणि त्याला ते काम शिकवलं कोणी हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी अमळनेर तालुक्यातला. चार वर्षांपासून जळगावच्या एका छोट्या स्टुडिओत काम करतो. त्याआधी पुण्यात एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटमध्ये दीड लाख भरून साउंडचा एक वर्षाचा कोर्स केला, वडिलांचे कापसाचे पैसे जसे येत गेले तसे हप्ते भरले. वर्षभर स्लाइड पाहिल्या. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, रेकॉर्डिंगला सेकंदाला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त सॅम्पल (आवाजाचे नमुने) लागतात, म्हणून सीडीचा रेट ४४.१ किलोहर्ट्झ, हे मी आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण तीस पोरांत स्टुडिओ एक, तोही आठवड्यातून एक तास, त्यातही सर बोलणार. मिक्सरला माझा हात लागला तो वर्षात पाच-सहा वेळा. सर्टिफिकेट मात्र झकास, लॅमिनेशन करून दिलं.

स्टुडिओत आलो तर दादांनी (मालक, सगळे दादाच म्हणतात) ते सर्टिफिकेट पाहिलंसुद्धा नाही. माइकची लांब केबल हातात दिली, म्हणे गुंडाळ. मी आपली कोपर अन् अंगठ्याला वेढे देत गुंडाळली, दोरी गुंडाळतो तशी. दादांनी एक टोक धरून ती फेकली अन् मधेच गुंता. मग शिकवलं, एक वेढा सरळ अन् पुढचा उलटा, तशी गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसत नाही, फेकली की सरळ उलगडते. पंधरा दिवस मी फक्त केबली गुंडाळल्या. तेव्हा राग यायचा. पण ऐन रेकॉर्डिंगला आवाज तुटायला लागला की दहातल्या आठ वेळा दोष केबलीचाच निघतो हे नंतर कळलं.

एकदा कंडेन्सर माइकचा ४८ व्होल्टचा फँटम (केबलीतूनच माइकला जाणारी वीज) बंद न करता, मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) चालू असतानाच मी केबल उपसली. धाडकन आवाज झाला, गाणारा जागेवरून उडाला, दादा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली केल्याशिवाय मला काहीच हलवू दिलं नाही. ही चूक मी परत केली नाही.

आणि आपल्याकडचे प्रश्नही आपलेच. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ ला, आणि टेक (एका दमातलं रेकॉर्डिंग) चालू असताना पंखा बंद, कूलर बंद. गाणारा घामाने निथळतो, म्हणून टेक छोटे घ्यायचे, हे कुठल्या स्लाइडवर नव्हतं. खेड्यापाड्यात पोरं भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याला स्टुडिओ म्हणतात, त्याने काही होत नाही. गोधडी टांगली तर निदान वरचा चरचरीतपणा मरतो, पण ढोलाचा घुमारा तसाच राहतो, कारण १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटरची, ती गोधडीला काय जुमानणार! मग ढोलवाल्याला खोलीत पाऊल पाऊल सरकवत, कान लावून जागा शोधायची. हा कान कोणाच्या तरी शेजारी बसूनच तयार होतो.

मागच्या श्रावणाआधी कानबाईची (आपल्या खान्देशातली देवी) गाणी रेकॉर्ड करायला एक आजी आल्या होत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढे. आवाज असा की हेडफोन लावून अंगावर काटा आला, पण हातातल्या काचेच्या बांगड्या प्रत्येक ओळीला खणखण. मी आपला कोर्सवाला, म्हटलं आजी बांगड्या काढता का? आजी भडकल्या, "तुन्हं डोकं फिरी गयं का रे?" आजोबा बाहेर बाकावर बसलेले! दादांनी हसत हसत दोन रुमाल आणले, मनगटावर बांगड्यांवरून गुंडाळले, माइक जरा वर घेतला, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) असा लावला की मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ नये. एका टेकमध्ये गाणं झालं.

आता माझं म्हणणं. पुण्याच्या एफटीआयआयला (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) साउंडचा चांगला कोर्स आहे पण तिथं आधी पदवी पाहिजे अन् सीट मोजक्या, शिरपूर-शहाद्याच्या बारावी झालेल्या पोराला त्याचा काय उपयोग. आपल्याकडे अ‍ॅप्रेंटिसचा कायदा १९६१ पासून आहे, आयटीआयचा फिटर, इलेक्ट्रिशियन कारखान्यात जाऊन शिकतो अन् त्याला स्टायपेंड मिळतो. मग रेकॉर्डिंगवाल्याला तसं का नको? स्टुडिओवाल्यांनाही (यात आम्हीही आलो) सांगतो, "शिकतोय ना तू" म्हणून पोरांना दोन-दोन वर्षं फुकट राबवणं बंद करा, पेट्रोलचे पैसे तरी द्या. आणि "डीजेवर दणकलं पाहिजे" म्हणून गाणं फुटेपर्यंत जोरात करायलाही शिकवू नका, यूट्यूब त्याचा आवाज आपोआप खाली आणतं, राहतो तो फक्त चेपलेला आवाज.

आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलंय. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून कागदावर उतरवली म्हणून आज आपल्याकडे आहेत. त्याच विद्यापीठानं एक शांत खोली, चार माइक अन् एक कामाचा माणूस ठेवावा, पोरांनी तिथं जात्यावरची, कानबाईची गाणी रेकॉर्ड करत करत शिकावं. खर्च फार नाही हो.

त्या आजींची अकरा गाणी झाली, आपल्याला चाळीसेक येतात म्हणतात. परवा त्यांच्या नातवाच्या फोनवरून विचारत होत्या, "बाकीना गाना कव्हय भरशी रे?" (बाकीची गाणी कधी रेकॉर्ड करशील रे?)

आपला,
एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव