हप्ता, हिराच्या काड्या आणि बाबांचा अंगठा

ठाणे, ज्येष्ठ शुद्ध पंचमी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी यंदा पीएम किसानचे ई-केवायसी, म्हणजे हप्त्यासाठी ओळख पटवण्याचे काम, केलेले नाही, आणि ‘फुकटचा पैसा नको’ असे ते म्हणतात, हे आईकडून कळले. फोनवर आपले दोघांचेही आवाज चढले असते, म्हणून हे पत्र.

बाबा, आपल्या खाचरांतले भात वर्षभर खायला पुरते, पण विकायला उरत नाही. घरात दाणा असतो, रोकड नसते. आणि ती नेमकी लागते मृगाच्या तोंडावर, जेव्हा बियाणे, खत, पॉवर टिलरचे भाडे आणि कौलांची शाकारणी एकदमच उभी राहते. म्हणूनच तुम्ही पुढच्या मोसमातल्या काजूवर व्यापाऱ्याकडून उचल घेत होतात, आणि मग तो म्हणेल त्या भावाने काजूची बी त्याला घालावी लागत होती. मी दहावीत होते त्या वर्षी तर आईच्या कुड्या राजापुरात गहाण पडल्या. कानाची भोके बुजू नयेत म्हणून आई तीन वर्षे त्यांत माडाच्या झावळीच्या हिराच्या काड्या घालून वावरत होती.

पीएम किसानमधून केंद्र सरकारचे वर्षाला ६००० रुपये २०१९ पासून येतात, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६०००. दोन्ही तीन-तीन हप्त्यांत, थेट खात्यात. म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्यावर घर चालत नाही, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पण या हप्त्यांमुळेच तुम्ही उचल घेणे थांबवलेत, गेल्या वर्षी बी अंगणात नीट वाळवून पडवीत राखून ठेवलीत आणि भाव चढल्यावर विकलीत. लावणीला येणाऱ्या बायकांची मजुरी पूर्वी दिवाळीनंतर भातात चुकती होत असे. आता ती त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात पडते. पारूकाकूच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यामुळे तिला यातला एकही हप्ता मिळत नाही, आणि हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. निदान तुमच्याकडची तिची मजुरी तरी अडू नये.

पैशाने माणूस आळशी होतो, असे तुम्हाला वाटते. पश्चिम केनियातल्या गरीब कुटुंबांना गिव्हडायरेक्टली या संस्थेने मोबाईलवरून विनाअट रक्कम दिली होती. त्यावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या लोकांनी गुरे घेतली, छपरावरचे गवत काढून पत्रे घातले, आणि दारू-तंबाखूवरचा त्यांचा खर्च वाढला नाही. चार पैसे आधी हाती आले तर कष्टकरी माणूस ते कुठे घालतो, हे तुम्हीही पडवीतल्या त्या पोत्यांवरून दाखवलेच आहे.

खरी गोष्ट आईने शेवटी सांगितली. ई-केवायसीसाठी गेलात त्या सेवा केंद्रावर यंत्राने दोनदा तुमचा अंगठा घेतला नाही आणि तिथला मुलगा चारचौघांत तुमच्यावर खेकसला. बाबा, पन्नास वर्षे नांगराची मूठ धरून तुमच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. त्यात तुम्ही मान खाली घालण्यासारखे काहीही नाही. मोबाईलच्या ॲपवर चेहरा दाखवूनही हे काम होते. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी सकाळी अंगणात, उजेडात, आपण दोघे ते करू. आधार कार्ड तेवढे काढून ठेवा.

आईने गुडघ्याचे औषध संपल्याचे लपवू नये, येताना आणते.

तुमची,
नंदा