हिशेब निजामाचा, वसुली कुणाकडून?

महोदय,

१७ सप्टेंबर जवळ आला की मराठवाड्यातल्या शाळांत मुक्तिसंग्रामाच्या भाषणांची घोकंपट्टी सुरू होते. साचा ठरलेला: हैदराबाद संस्थानाचा राजा निजाम मुसलमान, त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार मुसलमान, प्रजा हिंदू, सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय लष्कराची 'पोलीस ॲक्शन' झाली, आपण सुटलो. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं कापली, यात तिळमात्र खोटं नाही. पण तेवढ्यावरून हा लढा दोन धर्मांचा ठरत नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं उघड लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. तुमच्याच पेशातला हा हुतात्मा. आमच्या भाषणांत त्याचं नाव क्वचितच येतं.

त्याहून अवघड गोष्ट पुढची. भारतीय फौजा आल्यानंतर जे घडलं त्याची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्ग्याला. (आमचं उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यातच होतं.) मेलेले बहुतेक मुसलमान. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

आणि ज्याच्या नावानं सारा जुलूम झाला तो निजाम? तो १९५० साली हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे घटनात्मक प्रमुख झाला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवीला शिक्षा झाली, ते योग्यच. पण खेड्यातल्या ज्या मुसलमानानं रझाकारांची टोपी कधी घातली नव्हती, त्याच्याकडून वसुली झाली ती फक्त नावावरून. निझामी राजवट, सावकारी, जुनी भाऊबंदकी, सगळ्याचा राग एकाच दारात जाऊन थडकला.

त्याच अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोर हिंदूंपासून वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीवही गमावले. माग एक, बाजार एक, उधारी एक. तिथे धर्माची हाक चालली नाही. शांतता समित्यांच्या बैठकांत चहा पिणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

यंदाच्या १७ सप्टेंबरच्या पुरवणीत रझाकारांच्या अत्याचारांसोबत शोएबुल्ला खान आणि या विणकरांविषयीही छापावं, ही विनंती.

एक निवृत्त शिक्षक, उदगीर