कॅलेंडरमध्ये दिवसाचा नंबर पण दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर्वी नवीन वर्षाला ऑफिसातून जाडजूड डायरी मिळायची, तिच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात २८३-८२ असं काहीतरी छापलेलं असायचं. हे १० ऑक्टोबरचं पान, म्हणजे वर्षाचा २८३वा दिवस आणि ८२ दिवस बाकी. आता डायऱ्या येत नाहीत, सगळं मोबाईलवर, आणि माझ्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये आठवड्याचा नंबर चालू करता येतो पण दिवसाचा नाही.

मी कोथरूडला राहते पण नारायणगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, बाबा बघतात. बागवाल्यांचं सगळं गणित छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं, सल्लागाराला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न, "आज कितवा दिवस?" बाबा छाटणीच्या दिवशी २८३ लिहून ठेवायचे, २५ नोव्हेंबरचं पान उघडलं की ३२९, वजा केले की ४६, झालं काम. १३०व्या दिवशी तोडणी धरली तर ८२ दिवस या वर्षातले आणि उरले ४८, पुढच्या वर्षाचा ४८वा दिवस म्हणजे १७ फेब्रुवारी, म्हणून तो बाकीचा आकडापण तितकाच लागतो. आता ते बोटांच्या पेरांवर ३०-३१चे महिने मोजत बसतात, आणि मागच्या सीझनला एक दिवस चुकलाच, नशीब फवारणीआधी लक्षात आलं. शेवटची फवारणी आणि तोडणी यात औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस जावेच लागतात, एक्स्पोर्टच्या मालाची तर रेसिड्यू टेस्ट होते, म्हणजे फळात औषधाचा अंश उरलाय का ते तपासतात, तिथे अंदाज चालत नाही.

लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर आकडा एकने पुढे जातो, १ मे १२१चा १२२ होतो, ते कॅलेंडरने आपोआप करावं. (आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचं मला फार आवडतं, १ चैत्र एरवी २२ मार्चला आणि लीप वर्षात २१ला, त्यामुळे तो कायम ८१वाच दिवस!)

ॲप बनवणाऱ्यांना, आणि पुण्यात ते भरपूर आहेत, विनंती आहे की तारखेखाली फिकट रंगात हे दोन आकडे द्या, ज्याला नकोत तो बंद करेल. आणि संपादक साहेब, तुमच्या ई-पेपरवरही तारखेशेजारी छापता आले तर बघा, ऑक्टोबर छाटणीच्या आधी सुरू झालं तर बाबांना याच सीझनला उपयोग होईल.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे