वेंट कुठून आलं ते सांगणाऱ्या मॅडमना

मॅडम, त्या दिवशी आभार नीट मानताच आले नाहीत, घसा दाटून आला होता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

शाळेपासून एकच प्रश्न छळायचा, गो चा भूतकाळ वेंट कसा काय? ग चा पत्ताच नाही त्यात. ज्यांना विचारलं त्यांचं उत्तर ठरलेलं, इंग्रजी अशीच असते, पाठ कर. एका सरांनी तर भर वर्गात 'हिला जास्त अक्कल आलीय' म्हणून खाली बसवलं, त्यानंतर मी हात वर करणंच सोडलं. मला माहीत नाही एवढं म्हणाले असते तरी चाललं असतं हो!

तुम्ही मात्र लगेच उत्तर दिलंच नाहीत. वहीत लिहिलंत सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, त्याखाली वेंड, पुढची जागा मोकळी, आणि पेन माझ्या हातात दिलंत. वेंट मी लिहिलं. मी! ते पेन पुढे करणं काही केल्या विसरता येत नाही, कारण हिला जमेल हे तुम्ही धरूनच चालला होतात.

मग कळलं की वेंड म्हणजे आधी वळणं, मग वाट धरणं, जाणं. जुन्या इंग्रजीत गो चा भूतकाळ एओदे होता, म्हणजे तेव्हाही जुळत नव्हताच, तो मागे पडत गेला आणि साधारण 15व्या शतकापर्यंत वेंट त्या जागी पक्कं बसलं, वेंड ने मग स्वतःसाठी वेंडेड करून घेतलं. गॉन तेवढं गो चंच राहिलं. आणि तुम्ही विचारलंत, मराठीत 'जातो' चं 'गेला' होतं तिथे कधी अडलीस का? जातो संस्कृतच्या 'या' (म्हणजे जाणं) ह्या धातूतला, गेला गम् मधला, गत वरून आलेला. अंगावर काटा आला, रोज तोंडात असलेले शब्द!

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात मॅडम, पण समोरच्याला लहान न करता सांगणारी फार थोडी, आणि अशा एकाच माणसामुळे वर्षानुवर्षं मिटलेलं तोंड उघडतं.

आता धीर आलाय तर पुढचं विचारतेच. ॲम, वॉज आणि बी ही एकाच क्रियापदाची रूपं, पण मुळं तीन वेगळी, आणि बी चं नातं थेट आपल्या भू धातूशी आहे असं वाचलंय. हे तिघं एकत्र कसे आले? सवड झाली की कळवा, मी येते.