सूचना : दुकानातले कॅमेरे मोबाइलवर जोडण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार.

कॅमेरे बाहेरून मोबाइलवर कसे पाहायचे, असं बऱ्याच जणांनी विचारलं. जोडणी सोपी आहे. राउटरमधून डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला) लॅन केबल (नेटची वायर) द्या, डीव्हीआरच्याच कंपनीचं ॲप घ्या आणि डीव्हीआरच्या मेनूतला क्यूआर कोड स्कॅन करा.

पण त्याआधी पासवर्ड बदला! कंपनीकडून आलेलं 'ॲडमिन' हे नाव आणि '१२३४५' हा पासवर्ड तसंच ठेवून नेटला जोडणं म्हणजे शटर उघडं टाकून घरी जाणं. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच मूळ पासवर्ड वापरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती, त्यांत कॅमेरे आणि डीव्हीआर भरपूर होते.

कॅमेरे बसवणारा 'पोर्ट फॉरवर्ड करून देतो' (म्हणजे राउटरमधून बाहेरच्या नेटसाठी डीव्हीआरपर्यंत थेट वाट उघडून देतो) म्हणाला तर नको म्हणा. ॲप पुरतं, नाहीतर व्हीपीएन (नेटवरून केलेली सुरक्षित खाजगी जोडणी). काम झाल्यावर त्याच्या मोबाइलमधल्या ॲपमधून तुमच्या डीव्हीआरची जोडणी समोर उभं राहून काढायला लावा. संकोच नको. काम सोडून गेलेल्यांचं लॉगिनही बंद करा.

चित्र अडकत असेल तर आधी दुकानातला अपलोड स्पीड पाहा, डाउनलोड नव्हे. मोबाइलवर 'सबस्ट्रीम' (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा. रेकॉर्डिंग तरीही पूर्ण दर्जाचंच होतं.

आणि कृपया, क्यूआर कोडचा फोटो ग्रुपवर टाकू नका. कालच एक काढायला लावला.